बंबवाल्यांसाठी वर्गणी जमली, आता ती द्यायची कुठे?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ठाणे जिल्ह्यातल्या एका सात मजली सोसायटीची सेक्रेटरी आहे. दिवाळीनंतर एका पहाटे आमच्या मीटर रूमला आग लागली आणि जिना धुराने भरून गेला. अग्निशमन दलाचे जवान आले, पाचव्या मजल्यावरच्या आजींना त्यांनी पाठुंगळी घेऊन खाली आणलं, दोन लहान मुलांना गच्चीवरून सोडवलं. खिडकी फोडताना एका जवानाचा हात काचेने चांगलाच चिरला. आम्ही चहा ठेवेपर्यंत ते पुढच्या वर्दीला निघूनही गेले.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर ठरलं की त्यांच्यासाठी काहीतरी करायचं. कुणी पन्नास दिले, कुणी पाच हजार. सव्वा लाखाच्या वर रक्कम जमली. आम्ही चौघी पाकीट घेऊन केंद्रावर गेलो. तिथल्या स्टेशन ऑफिसरनी हात जोडले आणि पाकीट परत केलं. पेढे मात्र सगळ्यांनी घेतले. पुढच्या आठवड्यात एकाचा फोन आला: पोलीस आणि फायर ब्रिगेडच्या कल्याणासाठी मासिक निघतं, पानभर जाहिरात द्या, पैसे थेट शहिदांच्या घरी जातात. आमचे एक काका म्हणतात, त्यांना पगार मिळतो, मेल्यावर सरकार देतं, आपण कशाला? त्यापेक्षा देवळाच्या जीर्णोद्धाराला द्या. काहींना फक्त शहीद कुटुंबांनाच द्यायचंय. तोवर पैसे माझ्या खात्यात पडून आहेत, आणि भेटेल तो विचारतो, ‘काय झालं त्याचं?’ मी काय करू?

— एक सेक्रेटरी

उत्तर

ताई,

आधी त्या स्टेशन ऑफिसरबद्दल, कारण तुमच्या पत्रात थोडी खंत जाणवली. आपण मनापासून दिलं आणि त्यांनी घेतलं नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण त्यांनी केलं ते अगदी योग्य. सरकारी नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि महापालिकांच्या कर्मचाऱ्यांनाही त्याच धर्तीचे नियम असतात. कामाच्या बदल्यात कुणाकडून पैसे किंवा किमती भेट घेता येत नाही. तुमचं पाकीट कुणी ठेवून घेतलं असतं, त्याचा फोटो कुठेतरी गेला असता आणि मग खातेनिहाय चौकशी लागली असती ती त्याच माणसाच्या मागे. त्यामुळे ज्याचा हात चिरला त्या जवानाला शोधून काढून गुपचूप काही द्यावं, असा विचार कुणाच्या मनात असेल तर तोही सोडून द्या. तुमच्या प्रेमाचा भार त्याच्या नोकरीवर पडायला नको.

त्याला द्यायची गोष्ट वेगळी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. आयुक्तांना आणि मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र लिहा. तारीख, वेळ, कोणत्या केंद्राचा बंब आला, कोणत्या मजल्यावरून किती जणांना काढलं, कोण जखमी झालं, हे सगळं नेमकं लिहा. ‘आपले शतशः आभार’ छापाचं पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. नेमका तपशील असलेलं पत्र मात्र पुढे शिफारशीच्या वेळी बाहेर काढता येतं. प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी अग्निशमन सेवेची राष्ट्रपती पदकं जाहीर होतात. त्यासाठी कुणाचं तरी नाव पुढे पाठवताना अशा कागदांचा आधार लागतोच.

आता तो फोन. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. पोलीस किंवा अग्निशमन दल लोकांना फोन करून जाहिराती मागत नाही. अशी ‘कल्याण’ नावाची मासिकं, डायऱ्या, कॅलेंडरं फार जुनी आहेत. दुकानदारांना, डॉक्टरांना, सोसायट्यांना हे फोन येत असतात आणि खाकीच्या नावाला कोण नाही म्हणणार, या भरवशावर तो धंदा चालतो. पुन्हा फोन आला तर तीन गोष्टी विचारा: संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, संस्थेचं पॅन, आणि बँक खातं नेमकं कुणाच्या नावावर आहे. खरी संस्था हे आनंदाने सांगते. ‘माझ्याच नंबरवर जीपे करा, पावती नंतर पाठवतो’ असं उत्तर आलं की समजून जा. कुणी आधीच पैसे पाठवून बसलं असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता असते.

आणि हो, पैसे तुमच्या वैयक्तिक खात्यात आहेत, ते आजच बाहेर काढा. तुमच्यावर माझा विश्वास आहे, सोसायटीतल्या लोकांचाही असेल, पण दोन महिन्यांनी हाच विश्वास जिन्यात कुजबुजीचा विषय होतो. सोसायटीच्या खात्यात स्वतंत्र नोंदीने ठेवा. कुणी किती दिले याची यादी नोटीस बोर्डावर लावा. देखभालीच्या निधीतला एकही रुपया त्यात मिसळू नका. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल आणि ज्यांना द्यायचे नव्हते त्यांचेही पैसे जातील. आणखी एक: उत्साहात कुणी ‘शेजारच्या चार सोसायट्यांतून, बाजारातून गोळा करू’ म्हणालं तर थांबवा. नोंदणी नसलेल्यांनी लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. गणेशमंडळं दरवर्षी जी परवानगी काढतात ती हीच.

आता काकांचा प्रश्न. त्याच्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण पैसे कुठे द्यायचे हे त्याच्या उत्तरावरच ठरेल. काका दुष्टपणाने बोलत नाहीत. पगार मिळतो हे खरं आहे. ड्युटीवर मरण आलं तर सानुग्रह अनुदान जाहीर होतं, मंत्री घरी जातात, वारसाला नोकरीचं आश्वासन मिळतं. त्यात दिरंगाई होते, खेटे घालावे लागतात, पण निदान मृत्यूची नोंद तरी होते, बातमी होते. ज्याची बातमी होत नाही तो मेलेला नसतो. तो जगलेला असतो.

मुंबईच्या अग्निशमन दलाच्या इतिहासातले दोन दिवस पाहा. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट फुटली. पोटात स्फोटकं आणि वर कापसाच्या गासड्या, अशी ती भरलेली होती. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक त्यात गेले. देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. दुसरा दिवस ९ मे २०१५. काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि ती कोसळली. दलाचे चार अधिकारी गेले. पण चौघं एकाच दिवशी गेले नाहीत. दोघे ढिगाऱ्याखाली सापडले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर मात्र भाजलेल्या अवस्थेत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये झुंजत होते, नेसरीकर तर दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत त्यांच्या घरच्यांचं काय झालं असेल, याची कल्पना भाजलेल्या माणसाजवळ एक रात्र काढलेला कुणीही करू शकेल. ड्रेसिंग बदलताना माणूस कसा ओरडतो, बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना ते कसं ऐकू येतं. आणि जो यातून वाचतो त्याला पुढे कित्येक महिने कातडी ताणून बसलेल्या बोटांना पुन्हा मूठ वळायला शिकवावं लागतं. तोवर तो बातमीतून कधीच गेलेला असतो.

हे आगीपुरतंच आहे असंही नाही. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मदतीसाठी डोंगर चढत असताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्याने वाटेतच गेला. हवेचं सिलिंडर, जाड सूट, हेल्मेट, बूट मिळून वीस किलोच्या वरचं ओझं घेऊन वर्षानुवर्षं जिने चढणाऱ्या माणसाचे गुडघे, कंबर, खांदे निवृत्तीच्या आधीच बोलायला लागतात. त्यातच रात्रपाळ्या, अर्धवट झोप, कधीही वाजणारी घंटा. धुराचं वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसाय हाच माणसाला कर्करोग करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकला, म्हणजे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्यात. यातला कुठला आजार ‘ड्युटीवर’ झाला असं निवृत्त माणूस कुठल्या खिडकीवर सिद्ध करणार?

मनाचं तर कुणी विचारतच नाही. जळालेल्या खोलीतून लहान मूल बाहेर काढलेला जवान दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर असतो. घरी तो काही सांगत नाही, कारण बायको-मुलं घाबरतील. केंद्रावर काही बोलत नाही, कारण तिथे सगळ्यांनीच तसलं काहीतरी पाहिलेलं असतं. मग कुणी दारूकडे वळतो, कुणी नुसताच गप्प होत जातो.

पगार त्याला आग विझवण्यासाठी मिळतो, काका. आग विझल्यानंतर त्याच्या शरीरात आणि डोक्यात जे उरतं त्याची तरतूद पगारात नसते. हे वाक्य तुम्ही काकांना माझ्या नावाने वाचून दाखवलं तरी चालेल.

ही गोष्ट दुसरीकडे लोकांना केव्हा उमगली याचं एक उदाहरण सांगते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर आणि इंग्लंडच्या इतर शहरांवर बाँब पडत होते, शेकडो अग्निशामक मेले. त्यांच्या विधवा आणि मुलांसाठी १९४३ मध्ये तिथे एक निधी सुरू झाला. तुमच्यातल्या काहींच्या मनात आहे तसाच, फक्त मागे राहिलेल्यांसाठी. तो निधी आजही आहे, ‘द फायर फायटर्स चॅरिटी’ या नावाने. पण त्याचं आजचं काम पाहिलं तर ते मुख्यतः जिवंत माणसांचं आहे. डेव्हनमधल्या एका घरात आणि लिटलहॅम्प्टनला समुद्रकाठच्या दुसऱ्या एका घरात जखमी अग्निशामक जाऊन राहतात. तिथे त्यांच्या खांद्याला, गुडघ्याला व्यायाम दिला जातो, आणि तो नुसता चालता येण्यापुरता नसतो, पुन्हा शिडी चढता यावी इतपत असतो. मनावर आघात झालेल्यांशी बोलणारी माणसं तिथे आहेत. निवृत्तांना आणि घरच्यांनाही दार उघडं आहे. पैसे कुठून येतात? मोठे दाते आहेतच, पण बंबाच्या केंद्रांवर जवान स्वतः लोकांच्या गाड्या धुऊन पैसे जमवतात, जुने कपडे गोळा करून विकतात. तिथल्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी अशीच वेगळी संस्था २०१५ पासून आहे. विधवानिधीपासून सुरू झालेली ही माणसं खांद्याच्या व्यायामापर्यंत आली, कारण मदत मागायला येणाऱ्यांत जगलेलेच जास्त होते. आपल्याकडे एवढं जुनं, एवढं मोठं, फक्त याच लोकांसाठीचं घर नाही. म्हणून तुमचे सव्वा लाख कुठे पडतात याला महत्त्व आहे.

आता पर्याय. सगळे सारख्या तोलाचे नाहीत, त्यामुळे मी सारखी जागा देणार नाही.

शहीद कुटुंबांचा आग्रह धरणाऱ्यांना ‘भारत के वीर’ माहीत असेल. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१७ मध्ये सुरू केलेलं हे पोर्टल केंद्रीय सशस्त्र दलांतल्या, म्हणजे सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ वगैरेंतल्या हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी आहे. एका कुटुंबाच्या खात्यात १५ लाखांच्या वर रक्कम जाऊ नये अशी मर्यादा त्यात घातली आहे, म्हणजे एकाकडे ढीग आणि दुसऱ्याकडे काहीच नाही असं होत नाही. व्यवस्था चांगली आहे. पण तुमच्या जिन्यात जो आला तो त्या यादीत नाही. पोलिसांचा कल्याण निधी आयुक्तालयांच्या आणि जिल्ह्यांच्या पातळीवर चालतो, त्यांच्या कुटुंबांसाठी आरोग्य योजनाही आहे. पोलिसांसाठी काम करणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण तुलनेत ती घडी बसलेली आहे.

अग्निशमन दलासाठी द्यायचं तर मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना लेखी विचारा: कर्मचारी कल्याण निधी आहे का, त्याचं खातं कुणाच्या नावे आहे, बाहेरची देणगी स्वीकारता येते का, आणि तो कशावर खर्च होतो. उत्तर लेखी आलं आणि समाधानकारक असलं तर द्या. मात्र साधनसामग्री विकत घेऊन देऊ नका. हातमोजे, सूट, श्वसनयंत्र हे महापालिकेने करदात्यांच्या पैशातून घ्यायचं असतं. आपण ते दिलं की पुढच्या अंदाजपत्रकात तेवढी रक्कम कापायला सबब मिळते. साधनं कमी दिसली तर त्यासाठी नगरसेवकाला आणि आयुक्तांना पत्र लिहा, चेक नको. हे माझं ठाम मत आहे.

१०८ च्या रुग्णवाहिका आठवा. राज्यात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीवर डॉक्टर असतो आणि चालकाला ‘पायलट’ म्हणतात. ही माणसं कंत्राटावर आहेत. कायम नोकरीत मिळतं ते निवृत्तिवेतन, तो आधार त्यांच्यामागे नाही. महामार्गावर अपघातातली माणसं उचलताना मागून ट्रक येऊन धडकला तर पुढचं सगळं घरच्यांवर. त्यांच्यापर्यंत पोचायचा सरळ रस्ता तुमच्यासारख्या सोसायटीला सापडणं अवघड आहे, हे मान्य करते. पण एक गोष्ट त्यांना आणि कुठल्याही गरजू जखमी कर्मचाऱ्याला सांगता येईल: धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. दाखल होतानाच समाजसेवा अधिकाऱ्याला गाठून उत्पन्नाचा दाखला द्यायचा. बिल झाल्यावर रडून उपयोग नसतो.

माझं मन सगळ्यात जास्त ओढ घेतं ते स्वयंसेवकांकडे. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वरचे ट्रेकर्स अशी सह्याद्रीच्या पायथ्याची मंडळी कित्येक वर्षं दरीत पडलेली माणसं वर काढतात. २०१८ साली आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा दोर लावून खाली उतरले ते हेच गिर्यारोहक. यातला कुणी दुकान चालवतो, कुणी शिक्षक आहे, कुणी कंपनीत पाळी करतो. फोन आला की सुट्टी टाकून निघायचं. यांना पगार नाही, वर्दी नाही, निवृत्तिवेतनाचा प्रश्नच नाही. काकांचा ‘पगार मिळतो’ हा मुद्दा इथे मुळातच उरत नाही. खर्च मात्र खरा आहे. दोराचं आयुष्य ठरलेलं असतं, एकदा जोराचा झटका बसलेला दोर दिसायला नवा असला तरी बाद करावा लागतो. हार्नेस, कॅराबिनर, स्ट्रेचर, गाडीचं डिझेल. आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे विमा.

विम्यावर थोडं थांबते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, ते तर प्रत्येकाने घ्यावंच. पण दरीत उतरणाऱ्या माणसाला तेवढं पुरत नाही. गटाची वैयक्तिक अपघात पॉलिसी घेताना एक अट बारकाईने वाचावी लागते. अनेक पॉलिसींमध्ये गिर्यारोहण, दोरावरची कामं ही ‘धोकादायक’ म्हणून वगळलेली असतात. म्हणजे हप्ता भरायचा, आणि ज्या कामासाठी भरला त्याच कामात पाय मोडला तर दावा नामंजूर. तुमच्या सोसायटीत कुणी विमा क्षेत्रातलं असेल तर त्यांचा एक दिवस या कामाला मागून घ्या. बचाव कार्य स्पष्ट शब्दांत अंतर्भूत असलेली, नुसत्या मृत्यूलाच नाही तर अपंगत्वाला आणि रजेच्या काळातल्या बुडालेल्या कमाईलाही भरपाई देणारी पॉलिसी त्यांनी शोधून दिली, तर ती मदत तुमच्या चेकइतकीच मोलाची ठरेल.

म्हणून माझा सल्ला असा. रक्कम दोन ठिकाणी द्या, दहा ठिकाणी वाटू नका. मोठा भाग अशा एखाद्या नोंदणीकृत बचाव गटाला, आणि पत्रात स्पष्ट लिहा की ही रक्कम स्वयंसेवकांच्या विम्याच्या हप्त्यासाठी आहे. देणगी हेतू लिहून दिली की संस्थेला ती त्याच कामी वापरावी लागते. आधी जाऊन त्यांना भेटा. कार्यकर्त्यांना विचारा, मागच्या वर्षी कुणाला दुखापत झाली आणि त्याचं काय केलंत? या एका प्रश्नाच्या उत्तरातून वार्षिक अहवालापेक्षा जास्त कळतं. मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा, त्यात संकोच नको.

उरलेला भाग तुमच्या स्वतःच्या अग्निशमन केंद्रासाठी, पण रोख नाही. गावातल्या एखाद्या नोंदणीकृत आरोग्य संस्थेला द्या, आणि मुख्य अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीने त्या केंद्रात पाठ-गुडघ्याची फिजिओथेरपी आणि छातीची तपासणी असं शिबिर लावा. एकदाच फीत कापून संपणारं नको. वर्षात तीन-चार वेळा, तिन्ही पाळ्यांना मिळेल असं. त्यात समुपदेशकही असू दे, पण दारावर ‘समुपदेशन’ अशी पाटी लावू नका, कुणी आत येणार नाही. फिजिओच्या टेबलाशेजारी बसून माणूस सहज बोलतो. निवृत्त जवानांना आवर्जून बोलवा, त्यांना कुणीच बोलावत नाही. केंद्राच्या फळ्यावर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर लिहून ठेवायला सांगा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि नाव सांगायची सक्ती नाही.

पैशाशिवायची एक गोष्ट काकांना विचारून बघा, कारण वयस्कर माणसं ती जास्त गांभीर्याने घेतात. भाजलेल्या रुग्णाला दात्याची त्वचा लावतात. त्यामुळे जंतुसंसर्ग आणि वेदना कमी होतात, स्वतःची त्वचा येईपर्यंत वेळ मिळतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घरी येऊन मांडी-पाठीवरचा अगदी पातळ थर घेतला जातो, चेहऱ्याला हात लावत नाहीत, रक्तगट जुळावा लागत नाही. सायन रुग्णालयात आणि ऐरोलीच्या त्याच बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. मागणीच्या मानाने दान फार कमी येतं. सोसायटीत दहा-पंधरा जणांनी अर्ज भरले तर उद्या एखादा जवान, एखादी स्वयंपाकघरात भाजलेली बाई त्यावर तगू शकते. घरच्यांना मात्र आत्ताच सांगून ठेवायचं, कारण ऐन वेळी निर्णय त्यांचाच असतो.

कराचं थोडक्यात. चेक किंवा ऑनलाइन द्या. २००० रुपयांच्या वर रोख दिलं तर ८०-जी म्हणून आपण ओळखतो ती सवलत मिळत नाही. संस्थेकडे ८०-जीची नोंदणी चालू आहे का ते बघा, नुसतं ‘आहे’ म्हणणं पुरेसं नाही. पावतीसोबत संस्थेने आयकर खात्याकडून काढलेलं देणगीचं प्रमाणपत्र मागा, त्याशिवाय सवलत गृहीत धरू नका. सोसायटीच्या नावाने एकच चेक गेला तर कुणालाच वैयक्तिक सवलत नाही, म्हणून ज्यांनी मोठ्या रकमा दिल्या आहेत त्यांना त्या परत करून थेट संस्थेला द्यायला सांगा. नव्या करप्रणालीत असणाऱ्यांना ही सवलत मिळतच नाही, त्यांनी त्यात डोकं घालू नये.

देवळाबद्दल म्हणाल तर, ज्यांनी पैसे दिले ते बंबवाल्यांसाठी म्हणून दिले. ते आता दुसरीकडे वळवण्याचा अधिकार ना तुम्हाला आहे ना काकांना. जीर्णोद्धाराची वर्गणी वेगळी काढा, मी स्वतः आनंदाने देईन.

शेवटी ती मीटर रूम. तुमच्या पत्रात आग कशाने लागली ते लिहिलेलं नाही, पण बहुतेक मीटर रूममध्ये मी जे पाहते ते म्हणजे जुनी सायकल, गणपतीचं मखर, रंगाचे डबे, कुणाच्या तरी लग्नातल्या सतरंज्या. हे सगळं या रविवारी बाहेर काढा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याखाली ज्या इमारतींना आगीची यंत्रणा बंधनकारक आहे त्यांना ती चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ परवानाधारक एजन्सीकडून घेऊन जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तुमचा शेवटचा कधी दिला होता ते फाइलमध्ये बघा. फाटकासमोर आडव्या लागणाऱ्या गाड्यांच्या मालकांना मीटिंगमध्ये नाव घेऊन सांगा. मुलांना गच्चीवरून सोडवावं लागलं याचा अर्थ जिना वापरण्याजोगा नव्हता, आणि त्या जिन्यात धुरात चढलेल्या माणसाचा हात कापला. पुढच्या वेळी त्याला तिथे कमी धोका पत्करावा लागेल याची तजवीज करणं तुमच्या हातात आहे, त्यासाठी सव्वा लाखही लागणार नाहीत. अग्निशमन सेवा सप्ताहात, एप्रिलमध्ये, केंद्राला पत्र देऊन सोसायटीत प्रात्यक्षिक मागून घ्या. आजींना पाठुंगळी आणणारे जवान पाळीवर असतील तर त्या स्वतः त्यांना भेटतील, आणि तेव्हा पेढ्यांना कुणाची हरकत असणार नाही.

ठरावाचा मसुदा हवा असेल तर कळवा, पाठवते. त्यात रक्कम, हेतू, संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि दोन सभासदांच्या सह्या एवढं असलं की पुरे. पावत्या आल्या की त्यांच्या प्रती पन्नास रुपये देणाऱ्यांच्याही दारी पोचवा.

तुमची,
सदरलेखिका